पुस्तकांसह पेपर, तीन तास

पुस्तक समोर उघडं ठेवून दोनदा नापास झालेली बाई मी. चोरून नाही हं, रीतसर परवानगीनं. आमच्या खात्याची परीक्षाच तशी असते. दोन पेपर. एक पुस्तकांशिवाय आणि एक पुस्तकांसह. पुस्तकांशिवायचा पेपर मी पहिल्या झटक्यात काढला. आणि ज्यात नियमांची पुस्तकं बाकावर मांडून बसायची मुभा होती, त्यात आपटले. बरं, एकदा आपटले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितली की समोरचा आधी हसायचा आणि मग तोंड गंभीर करून विचारायचा, "पण पुस्तक समोर होतं ना?" होतं बाबा, होतं. एक नाही, सहा होती.

आता मलाही हसू येतं. तेव्हा येत नव्हतं, कारण त्या पेपरावर घर उभं होतं. आमचे हे नांदेडला एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेले. लेक तेव्हा दुसरीत होती. त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून मला घेतलं. लोक म्हणाले, चला, घर सावरलं. पण नेमणुकीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात एक अट होती: चार वर्षांच्या आत, तीन संधींत खात्याची परीक्षा पास व्हायची, नाहीतर सेवा समाप्त. तो कागद मी कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला होता, तरी कपडे काढताना दरवेळी आठवायचा. आणि तीन संधींपैकी दोन मी वाया घालवल्या होत्या.

घरात आम्ही तिघी. मी, लेक आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. मामी मूळच्या भोकरकडच्या एका खेड्यातल्या, जन्मभर शेतात राबलेल्या, अक्षरओळख शून्य. थोरला मुलगा, म्हणजे आमचे हे, गेल्यावर त्या माझ्याकडं नांदेडला येऊन राहिल्या. आमचं फार गूळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना माझी भाजी अळणी लागायची आणि मला त्यांचं पहाटे पाच वाजता भांडी आपटणं सहन व्हायचं नाही. पण लेकीला शाळेतून आणणं, तिचं जेवण, सगळं त्याच बघायच्या, म्हणून मी कार्यालयात निर्धास्त बसू शकत होते.

पहिल्या वेळी पाचातले माझे तीन प्रश्न झाले. घंटा झाली आणि चौथा प्रश्न कोरा. मला वाटलं, तयारी कमी पडली. म्हणून दुसऱ्या वेळी दुप्पट तयारी केली. आमच्या कार्यालयात फाईलमध्ये एखादा जुना कागद दाखवायचा असेल तर त्याला रंगीत चिठ्ठी चिकटवतात, वर अ, ब, क लिहितात. त्याला आम्ही झेंडी म्हणतो. मी सहाच्या सहा पुस्तकांना झेंड्या लावल्या. रजेच्या नियमांना पिवळ्या, वर्तणुकीच्या नियमांना गुलाबी, शिस्तीच्या नियमांना हिरव्या. पोळ्याला बैल सजवतात तशी पुस्तकं सजली होती. पर्यवेक्षक बाईंनीसुद्धा उचलून कौतुकानं बघितली. आणि एवढं करून प्रश्न किती झाले? साडेतीन.

दुसरा निकाल लागला त्या दिवशी आमचे अधीक्षक माझ्या टेबलाशी आले. निवृत्तीला वर्ष राहिलेले, शांत माणूस. म्हणाले, "ताई, रविवारी घरी बसा, तोच पेपर तीन तास लावून परत लिहा आणि मला आणून दाखवा." मी लिहिला. सोमवारी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला विचारलं, "ताई, ह्याच्यावर मी सही कुठं करू?"

मला कळेना. मग त्यांनी पेन्सिलनं एकेक दाखवलं. मी प्रत्येक पान तिसऱ्या हिश्श्यावर दुमडून समास सोडला होता. वर "विषय" लिहून त्यापुढं अख्खा प्रश्न उतरवला होता. त्याखाली "संदर्भ". मग "सविनय सादर". मग नियम, पुस्तकातून शब्दाला शब्द. आणि उत्तराच्या शेवटी, देवाशप्पथ सांगते, "आदेशार्थ सादर" असं लिहून खाली सहीपुरती जागा सोडली होती. पाचही उत्तरांना, म्हणजे जेवढी झाली तेवढ्यांना.

"तुम्ही उत्तर लिहिलंच नाही," ते म्हणाले. "तुम्ही परीक्षकापुढं फाईल ठेवली."

आजूबाजूची टेबलं हसायला लागली. मला असा राग आला म्हणता! तीन वर्षं मला ह्याच लोकांनी शिकवलं होतं की विषय लिहिल्याशिवाय कागद पुढं जात नाही. संदर्भ चुकला म्हणून माझी टिपणी ह्याच अधीक्षकांनी चारदा परत पाठवली होती. मी तिथंच म्हणाले, "साहेब, तुम्हीच शिकवलंत ना हे?"

"शिकवलं," ते म्हणाले. "पण फाईलला उद्या असतो, ताई. पेपरला नसतो."

मग त्यांनी एका कागदाच्या चिटोऱ्यावर हिशोब मांडून दिला. तीन तास, पाच प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला अर्धा तास. उरलेला अर्धा तास शेवटाला, राहिलेलं पुरं करायला. अर्धा तास झाला की हात उचलायचा. वाक्य अर्धं असलं तरी.

"अर्धं वाक्य सोडायचं?" मी विचारलं.

"अर्धा शब्दसुद्धा."

ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल. मी दर रविवारी दुपारी दोनला बसायला लागले. मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावायचा, तो वाजायचा, मी तो बंद करायचे आणि म्हणायचे, एवढा एक मुद्दा संपवते. तो मुद्दा संपेपर्यंत दुसरा आठवायचा. मग नियमाचा क्रमांक बरोबर आहे ना म्हणून पुस्तक उघडायचं. हिरवी झेंडी शोधायची. तिथं शेजारचा नियम दिसायचा, तोही वाचून काढायचा. तीन रविवार गेले. पाचव्या प्रश्नाला मी एकदाही हात लावून बघितला नाही. परीक्षेला अडीच महिने राहिले होते.

चौथ्या रविवारी मामी दाराशी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. गजर वाजला. मी बंद केला. पाच मिनिटांनी परत वाजला. मी परत बंद केला.

"कामून बंद करती गं ते सारखं?" मामींनी विचारलं.

"मामी, तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. आवाज चढलेलाच होता माझा.

"न्हाई कळायचं तर सांग. सांगितल्याबिगर कसं कळंल?"

मग मी पेन आपटून सगळं सांगितलं. तीन तास काय, पाच प्रश्न काय, अर्ध्या तासानं पुढं जायचं काय, आणि मला एक उत्तर पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हातच लावता येत नाही ते काय. चिडून सांगत होते, जणू त्यांनीच पेपर काढला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली तूर सुपात टाकली आणि म्हणाल्या, "तुजा सासरा असाच व्हता."

सासरे मी बघितलेले नाहीत. मामींनी त्यांची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नीट सांगितली. भोकरच्या रानात चार भावांत एक विहीर होती. ज्याच्या त्याच्या वाट्याला ठरलेले तास. आपल्या वाट्याचे तास संपले की मोटर दुसऱ्या भावाची, आणि त्यातच लाईट गेली तर तेवढं पाणी बुडालं. गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे दारं धरायचं. एका वाफ्यात पाणी सोडायचं, ते शेवटाला पोचलं की खोऱ्यानं माती ओढून तो वाफा बंद करायचा आणि पुढच्याचं दारं, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, मोडायचं.

"त्यो काय करायचा," मामी म्हणाल्या, "एकच वाफा तुडुंब भरीत बसायचा. म्या म्हनायचे, अहो मोडा आता दारं. तर म्हनायचा, मुरू दे जरा. मुरू दे, मुरू दे करत लाईट जायची आन् निम्मं रान कोरडं. म्होरचा गहू कमरंएवढा आन् मागचा पिवळा पडलेला. दोन साल असं झालं. तिसऱ्या साली म्या खोरं हातात घेतलं. पानी शेवटाला टेकलं की टेकलं. मोड दारं. कोन्त्याच वाफ्याला पोटभर न्हाई, पर सगळ्यांना टेकलं पायजे."

"आणि मामंजी काय म्हणाले?"

"काय म्हनतो? रुसून बसला दोन दिस. गहू आला तवा बोलला."

पुढच्या रविवारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मी म्हटलं, मामी, तुम्ही कशाला? भिंतीवरचं घड्याळ काढून आणून त्यांनी ते गहू-ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवलं. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण मोठा काटा वर असला की एक आणि खाली आला की अर्धा, एवढं पक्कं ठाऊक होतं. मी लिहायला लागले. काटा खाली आला.

"मोड दारं," मामी म्हणाल्या.

"हो, एवढंच—"

आणि त्यांनी माझ्या हाताखालचा कागद सर्रकन ओढून घेतला. पेनाची रेघ पानभर तिरपी उमटली. कोरा कागद पुढं सरकवला.

"मामी! एकच ओळ राहिली होती!"

"न्हाई."

"अहो, महत्त्वाची ओळ होती ती!"

"असंल."

त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण त्यांच्यापुढं माझं काही चालणार नव्हतं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. अधीक्षकांना मी सांगू शकले असते की बघा साहेब, हा मुद्दा किती गरजेचा आहे, आणि त्यांनी मान डोलावली असती. मामींना माझी सगळी अक्षरं सारखीच. त्यांना फक्त काटा दिसायचा.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली. "ते पुस्तक सारखं कामून उलथून राहिली? तुला येत न्हाई का?"

"येतं."

"मंग?"

"खात्री करून घेते."

"समदं रान कोरडं पडलेलं आन् तू खात्री करून राहिलीस व्हय? खात्री शेवटाला कर." असं म्हणून त्यांनी सहाची सहा पुस्तकं उचलली आणि स्वतःच्या मांडीखाली घेतली. नियमांच्या पुस्तकांवर बसलेली म्हातारी बघून माझी लेक खो खो हसत सुटली. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. पाचही प्रश्न झाल्याशिवाय पुस्तक मिळायचं नाही. आणि गंमत अशी की पुस्तक नसलं की मला सगळं आठवायचं. क्रमांक तेवढे चुकायचे. ते शेवटच्या अर्ध्या तासात दहा मिनिटांत सापडायचे.

विषय, संदर्भ, सविनय सादर ह्यांना सोडायला मात्र मला महिना लागला. हात आपोआप तिकडंच जायचा. आठव्या रविवारी पहिल्यांदा पाचही प्रश्न झाले. उत्तरं कुठं आखूड, कुठं तुटकी, अक्षर तर माझं मलाच ओळखू येईना. मला ती पानं बघवत नव्हती. मामींनी ती पाच उत्तरं जमिनीवर ओळीनं मांडली, त्यांच्याकडं उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, "आता कसं, रान भिजलं."

ह्या वेळी केंद्र लातूरला आलं होतं. पेपर दुपारी दोनला. मामी म्हणाल्या, मी येते. मी म्हटलं, तुम्ही कशाला, साडेतीन-चार तास एसटीत बसायचं, कंबर मोडेल. तर म्हणाल्या, मोडू दे. लेकीला शेजारच्या काकूंकडं ठेवलं आणि सकाळची सहाची गाडी धरली. निघताना मामींनी कपाटातून ह्यांचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. चार वर्षं ते बंद पडलं होतं. मला न सांगता त्यांनी त्यात सेल घालून आणला होता, पट्ट्याला जास्तीचं भोकही पाडून आणलं होतं. मी ते मनगटावर बांधलं. मला भरून आलं आणि त्यांनाही आलं असावं, कारण त्या एकदम दशम्यांच्या डब्याचं झाकण नीट लागलंय की नाही ते तपासायला लागल्या. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मी वाटेत पुस्तक उघडलं तर मामींनी ते मिटवून पिशवीत टाकलं. "झोप," म्हणाल्या. झोप कसली येतीय! मी खिडकीतून करडईची रानं बघत लातूरपर्यंत बसून राहिले.

केंद्र म्हणजे एक कॉलेज होतं. फाटकाच्या आत मोठं लिंबाचं झाड, त्याखाली बरोबर आलेली माणसं सतरंज्या टाकून बसलेली. मामी तिथं बसल्या. मी आत गेले. वर्गातलं घड्याळ बंद होतं, सव्वादहा वाजवून. मी मनगटाकडं बघून घेतलं. पर्यवेक्षकांनी पुस्तकं तपासली. ह्या वेळी झेंड्या नव्हत्या, सगळ्या काढून टाकल्या होत्या. सहाही पुस्तकं मी बाकाखाली पायाशी ठेवली. ते म्हणाले, "मॅडम, वर ठेवू शकता, परवानगी आहे." मी म्हटलं, "असू द्या, खालीच बरी आहेत."

पहिला प्रश्न विभागीय चौकशीचा. म्हणजे माझा अगदी हातखंडा! टप्पे मला तोंडपाठ होते. पेन असं पळत होतं की विचारू नका. दोषारोपपत्र झालं, चौकशी अधिकारी झाला, साक्षीदार आले, आणि काटा खाली आला. अडीच. मी नेमकी "अपचारी कर्मचाऱ्यास आपली बाजू मांडण्याची" एवढं लिहून पुढं "पुरेशी संधी" लिहायला निघाले होते. दोन शब्द! दोन शब्दांना किती वेळ लागतो? आणि मग त्याच्यापुढचे चार टप्पे, तेही तोंडपाठ. मला ते सगळे डोळ्यांपुढं दिसत होते. हात कागदावरून उचलवेना. खरं सांगते, नोकरी डोळ्यांपुढं आली नाही तेव्हा, ते दोन शब्दच आले. मग मी दातओठ खाल्ले, पान उलटलं, दोन पानं कोरी सोडली आणि दुसरा प्रश्न लिहायला घेतला.

दुसरा रजेचा, तो बरा गेला. मग तिसरा प्रश्न वाचला. सेवाज्येष्ठतेतली कसली तरी आडवाटेची अडचण, मी आयुष्यात वाचली नव्हती. आधीच्या वेळी असतं तर मी सगळी पुस्तकं उपसली असती आणि तासभर त्यातच गेला असता. ह्या वेळी मी पायाशी हात नेला आणि मागं घेतला. कोरडा तर ठेवायचा नाही. जेवढं डोक्यात होतं तेवढं लिहिलं, मुद्दे पाडून, धडधड करत. काटा आला, सोडला. चौथा सेवापुस्तकाचा, पाचवा वर्तणुकीचा. पाचव्याची शेवटची ओळ लिहिली तेव्हा घड्याळात साडेचार वाजले होते. मी परत बघितलं. कानाला लावून बघितलं, चालतंय ना म्हणून. चालत होतं. साडेचारच वाजले होते आणि माझे पाचही प्रश्न झाले होते.

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ, पन्नाशीचे, पट्टी घेऊन तिसऱ्या उत्तराला समास आखत होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण बोलायची सोय नव्हती. मी पुस्तकं वर घेतली, क्रमांक दुरुस्त केले, तिसऱ्या प्रश्नाचा खरा नियम शोधून तीन ओळी घातल्या, आणि मग पहिल्या उत्तराशी गेले. "पुरेशी संधी" लिहिलं. पुढचे चारही टप्पे लिहिले. घंटा झाली तेव्हा मी पेनाला टोपण लावून बसले होते. माझ्या जन्मात पेपर संपल्यावर घंटा झाली नव्हती. नेहमी घंटाच आधी व्हायची.

बाहेर आले. मामी लिंबाखाली एका बाईशी बोलत होत्या. त्या उदगीरकडच्या, त्यांचा जावई आत होता. मला बघून मामी उठल्या. "सगळ्यांना टेकलं का?"

"टेकलं, मामी. पाचही."

"मंग खाऊन घे," म्हणाल्या आणि डबा उघडला. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. मी चार खाल्ल्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता हे तेव्हा कळलं. त्या उदगीरच्या बाईलाही मामींनी दोन दशम्या दिल्या. परतीच्या गाडीत मात्र मी चाकूर यायच्या आत झोपले, ती थेट नांदेडच्या स्टँडवर मामींनी हलवून उठवली तेव्हा जागी झाले.

निकाल लागायला जवळजवळ तीन महिने गेले. ते दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. एका दुपारी अधीक्षकांनी मला हाक मारली. त्यांच्या संगणकावर यादी उघडी होती. माझा बैठक क्रमांक त्यांनी बोटानं दाखवला. पास व्हायला पन्नास लागतात, मला एकसष्ट होते. मी तो क्रमांक तीनदा प्रवेशपत्राशी ताडून बघितला. अधीक्षक म्हणाले, "आता खात्री झाली असेल तर घरी जा, ताई. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज उद्या द्या." मला वाटतं मी त्यांच्या पाया पडले. नक्की आठवत नाही. पायांना जमीन लागत नव्हती एवढं आठवतं. वाटेत पेढे घ्यायचे तेही विसरले.

दारातूनच ओरडले, "मामी, पास! पास झाले मी!"

मामी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण त्या चूलच म्हणायच्या, कणीक मळत होत्या. हात तसाच थांबला. "आता कुनी काढू शकत न्हाई न्हवं तुला?"

"नाही मामी. कुणीच नाही."

त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. मला वाटलं देवापुढं साखर ठेवतील. पण त्या खाटेपाशी गेल्या, कंबर धरून वाकल्या आणि खाटेखालून एक गाठोडं ओढून बाहेर काढलं. जुन्या लुगड्याचं, चार गाठी मारलेलं. गाठी सुटेनात, म्हणून दात लावून सोडल्या. आत त्यांची तीन लुगडी, चोळ्या, आधार कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि ह्यांचा एक लहानपणचा फोटो.

"हे काय?" मी विचारलं.

"माझं सामान."

"ते दिसतंय. बांधलं कधी?"

"तू दुसऱ्याबारीला पडलीस तवा."

"आणि कुठं निघाला होता?"

"धाकट्याकडं, भोकरला." त्या लुगड्याची घडी झटकत होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या. "नोकरी गेली असती तर तू लेकराचं बघायचं का माझं? एक खानारं तरी कमी झालं असतं."

मला इतका राग आला की पास झाल्याचं सगळं विसरले. "इतके महिने! इतके महिने तुम्ही ह्या गाठोड्यावर झोपत होता, आणि दर रविवारी समोर बसून मला मोड दारं, मोड दारं करत होता? एका शब्दानं बोलला नाहीत!"

"बोलले असते तर तुजं ध्यान लागलं असतं का लिवन्यात?" मामी शांतपणे म्हणाल्या. "ओरडू नको. कपाटात जागा दे."

मी कपाट उघडलं. माझ्या साड्यांचा अख्खा मधला कप्पा ओढून पलंगावर टाकला. रडत होते की रागवत होते माझं मलाच कळत नव्हतं. मामींनी तीन लुगडी एकावर एक ठेवली, फोटो त्यांच्या खाली सरकवला. मी म्हणाले, "भाऊजींना सांगते, तुम्ही येत नाही म्हणून." "ऱ्हाऊ दे, कशाला," मामी म्हणाल्या.

तरी मी फोन लावला. मामींना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. पास झाल्याचं सांगितलं, दिराला खरंच आनंद झाला. मग म्हणाले, "बरं झालं वहिनी. आई कशी हाय?"

"बऱ्या आहेत. त्या म्हणतात, आता तुमच्याकडं राहायला येत नाहीत."

दीर म्हणाले, "इकडं? इकडं कवा येनार व्हती ती? मला तर काय बोलली न्हाई."

मी मामींकडं बघितलं. त्या कपाटाकडं तोंड करून उभ्या होत्या आणि घडी केलेल्या लुगड्याची परत घडी करत होत्या.

"कुठं नाही हो भाऊजी," मी फोनमध्ये म्हणाले. "माझंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. कुठं जाणार आहेत त्या? इथंच आहेत, घरी." आणि फोन ठेवून मी मागून जाऊन त्यांना घट्ट धरलं, लग्नानंतर पहिल्यांदाच.